ताट कुणाचं आहे, ते आधी बघा

२००६ साली कॅनडात, माँट्रियलजवळच्या एका शाळेत, सात वर्षांच्या एका फिलिपिनो मुलाला जेवणाच्या सुट्टीत इतरांपासून वेगळं बसवलं गेलं. त्याचा दोष एवढाच, की तो घरी जेवतो तसाच शाळेत जेवत होता. काट्याने अन्न चमच्यात ढकलायचं आणि चमचा तोंडात घालायचा. देखरेख करणाऱ्यांना ते किळसवाणं वाटलं. प्रकरण क्वेबेकच्या मानवी हक्क न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि २०१० साली निकाल मुलाच्या बाजूने लागला.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की तो मुलगा शिस्तीतच जेवत होता. फिलिपिन्समध्ये आणि थायलंडमध्ये जेवायची रीतच ती आहे. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, काट्याचं काम फक्त ढकलण्याचं. थायलंडमध्ये भात खाताना काटा थेट तोंडात घालणं गावंढळपणाचं समजतात. आणि यामागे साधा हिशोब आहे. भात सुटा असतो, त्यावर रस्सा असतो, मांस आणि भाज्या स्वयंपाकघरातच घासाएवढ्या चिरलेल्या असतात. टेबलावर कापायला काही उरतच नाही. मग सुरी हवी कशाला? आणि रस्सा उचलायला काटा काय कामाचा?

जेवणाच्या शिष्टाचारांवरचे लेख बहुतेक वेळा याद्यांच्या रूपात येतात. जपानमध्ये असं करू नका, इटलीत तसं करू नका. या याद्या पाठ करून फारसा उपयोग होत नाही, कारण पुढच्या देशात गेलं की पाटी पुन्हा कोरी. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारायची सवय लावली तर बहुतेक नियम आपोआप उलगडतात. अन्न कापलं कुठे जातं, स्वयंपाकघरात की टेबलावर? आणि समोरचं ताट कुणाचं आहे, माझ्या एकट्याचं की सगळ्यांचं?

कापायचं काम कुणाचं

चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम या पट्ट्यात कापण्याचं काम स्वयंपाकी करतो. म्हणून टेबलावर चॉपस्टिक्स पुरतात. चॉपस्टिक्स चीनमध्ये फार जुन्या, पण सुरुवातीला त्या स्वयंपाकात, भांड्यातलं अन्न ढवळायला आणि उचलायला वापरत. धान्य खायला बराच काळ चमचाच होता. ही जुनी विभागणी कोरियात आजही दिसते. तिथे भात आणि सूप चमच्याने खातात, आणि भोवतीच्या छोट्या वाट्यांमधले पदार्थ चॉपस्टिक्सने. दोन्ही एकाच वेळी हातात धरत नाहीत. एक खाली ठेवायचं आणि मग दुसरं उचलायचं.

युरोपात उलटं झालं. भाजलेलं अख्खं मांस टेबलावर यायचं आणि तिथेच कापलं जायचं. मध्ययुगात पाहुणा आपली सुरी आपल्यासोबत घेऊन यायचा. म्हणजे जेवायला बसलेल्या प्रत्येकाच्या हातात एक हत्यार. युरोपातल्या कटलरीचे नियम याच गोष्टीभोवती फिरतात. सुरी कुणाकडे रोखायची नाही, सुरीने घास तोंडात घालायचा नाही, ठेवताना पात्याची धार आपल्या ताटाकडे वळवायची. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६९ साली टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली. जेवणाच्या सुरीचं टोक आज गोल असतं, त्याला हा इतिहास आहे.

काटा तर फार उशिरा आला, आणि त्याचं स्वागत वाईट झालं. अकराव्या शतकात बायझंटाइन राजघराण्यातली एक राजकन्या व्हेनिसमध्ये लग्न होऊन आली. ती सोन्याच्या काट्याने घास उचलायची. पीटर डेमियन या धर्मगुरूने त्यावर कडक शब्दांत टीका केली. देवाने बोटं दिलेली असताना असली चैन कशाला, असा त्या काळचा सूर होता. पुढे १६०८ मध्ये थॉमस कोरियट हा इंग्रज प्रवासी इटलीत गेला, तिथे लोकांना काट्याने खाताना पाहून हरखला आणि ती सवय घेऊन घरी परतला. मित्रांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली. ज्या काट्याशिवाय जेवणं म्हणजे असंस्कृतपणा असं पुढे जगभर शिकवलं गेलं, तो काटा इंग्लंडमध्ये चारशे वर्षांपूर्वी थट्टेचा विषय होता. हाताने जेवणाऱ्या कुणालाही कुणी कमी लेखलं, तर ही तारीख लक्षात असावी.

काटा धरण्याच्याही दोन रीती आहेत. युरोपात काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, आणि जेवण संपेपर्यंत दोन्ही तशाच. अमेरिकेत बरेच लोक आधी कापतात, सुरी ताटाच्या कडेला ठेवतात, काटा उजव्या हातात घेतात आणि मग घास घेतात. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. एका वेळच्या जेवणात त्यांची सरमिसळ मात्र विचित्र दिसते.

चांदी, लिंबू आणि अंडं

औपचारिक टेबलावर पाहुण्याला घाम फोडणारी गोष्ट म्हणजे ताटाच्या दोन्ही बाजूंना लावलेली कटलरीची रांग. माशाची सुरी वेगळी, अंड्याचा चमचा वेगळा. हा निव्वळ श्रीमंतीचा देखावा वाटतो, आणि काही अंशी तो होताही. पण त्याच्या मुळाशी रसायनशास्त्र आहे, आणि ते कुणी समजावून सांगत नाही.

आज आपण वापरतो ते न गंजणारं स्टील विसाव्या शतकातलं आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून मिश्रधातूंचे प्रयोग करत होता. त्यातून क्रोमियम मिसळलेलं, न गंजणारं पोलाद हाती आलं. शेफील्ड सुऱ्यांसाठी आधीपासून प्रसिद्ध होतंच. त्याआधीच्या सुऱ्या साध्या पोलादाच्या असत. माशावर लिंबू पिळलं की त्या आंबटपणाने पातं काळं पडायचं आणि माशाला लोखंडाची चव यायची. म्हणून इंग्लंडमध्ये मासा बरीच वर्षं काटा आणि पावाचा तुकडा घेऊन, किंवा दोन काट्यांनी खात. एकोणिसाव्या शतकात चांदीची माशाची सुरी आली. तिला धार नसते, कारण शिजलेला मासा कापावा लागत नाही. तिचं रुंद, चपटं पातं माशाच्या हाडांवरून मांस अलगद सोडवायला असतं. ती सुरीसारखी दाबून वापरली की हाडांचे तुकडे होतात आणि ते घासात येतात. हाताच्या मुठीत न धरता पेनासारखी हलकी धरायची, ती एवढ्यासाठीच.

चांदीची अडचण वेगळी. अंड्यात गंधक असतं, आणि गंधक लागलं की चांदी काळवंडते. चवही बिघडते. म्हणून उकडलेल्या अंड्यासाठी हाडाचे, शिंगाचे किंवा शिंपल्याचे चमचे. कॅविआर, म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी, आजही शिंपल्याच्या चमच्याने देतात, त्याचंही कारण हेच. फ्रान्समध्ये सॅलडची पानं सुरीने कापत नाहीत, काट्याने दुमडून घास करतात. तिथे दोषी होतं सॅलडमधलं व्हिनेगर, त्यानेही सुरीचं पातं काळं पडायचं.

स्टेनलेस स्टील आल्यावर यातली बरीच कारणं संपली आणि नियम तेवढे राहिले. मला हे नियम पाळायला हरकत वाटत नाही. पण कारण संपलेल्या नियमावरून माणसाची पारख करणं मला चुकीचं वाटतं.

एकाच ताटात सगळे

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच मोठा. इथिओपियात जेवण एका मोठ्या थाळीत येतं. टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मऊ, जाळीदार पोळी, तिला इंजेरा म्हणतात, थाळीभर पसरलेली असते. तिच्यावर वेगवेगळ्या रस्सेदार भाज्या आणि मांसाचे ढीग. सगळे भोवती बसतात, हात धुतात, उजव्या हाताने आपल्या बाजूच्या इंजेऱ्याचा तुकडा तोडतात आणि त्यातच रस्सा पकडून घास घेतात. समोरच्याच्या बाजूला हात लांबवायचा नाही, बोटं चाटायची नाहीत, कारण तीच बोटं पुन्हा सगळ्यांच्या थाळीत जाणार. मग कुणीतरी नीट गुंडाळलेला घास आपल्या तोंडाजवळ आणतं. याला गुर्शा म्हणतात. तो मान असतो, जिव्हाळा असतो, आणि तो नाकारला तर समोरच्याचं मन दुखावतं. घास जेवढा मोठा तेवढं प्रेम जास्त, असंही मानतात, त्यामुळे तोंड मोठं उघडायची तयारी ठेवावी.

अरब देशांतही सामायिक थाळीची जुनी रीत आहे. उजव्या हाताने खा आणि तुझ्या जवळचं खा, ही पैगंबरांची एका लहान मुलाला दिलेली शिकवण हदीसमध्ये आहे. सामायिक थाळीसाठी याहून नेमका नियम सापडणार नाही. स्वच्छता आणि वाटणी, दोन्ही त्यात आले.

चीनमध्ये प्रत्येकाच्या पुढे छोटा वाडगा असतो, पण पदार्थ टेबलाच्या मध्यभागी. तिथपर्यंत पोहोचायचं म्हणून चिनी चॉपस्टिक्स लांब आणि बोथट टोकाच्या. मध्यभागच्या भांड्यात हवा तो तुकडा शोधत चॉपस्टिक्स फिरवणं हे तिथलं मोठं असभ्य वर्तन. जो तुकडा वर दिसतो तो उचलायचा. यजमान चांगला तुकडा पाहुण्याच्या वाडग्यात ठेवतो, तो आदर.

जपानमध्ये परंपरेने प्रत्येकाचं वाढप वेगळं, आपापल्या छोट्या भांड्यांत. म्हणून चॉपस्टिक्स आखूड, आणि टोक निमुळतं, कारण माशाचे काटे काढायचे असतात. घरात प्रत्येकाच्या चॉपस्टिक्स आणि भाताचा वाडगा ठरलेला असतो. वाडगा हातात उचलून तोंडाजवळ धरायचा, ही तिथली सभ्य रीत. वाडगा टेबलावर ठेवून त्यावर वाकून खाणं वाईट दिसतं. समुद्र ओलांडून कोरियात गेलं की नेमकं उलट. वाडगा टेबलावरच राहतो, उचलायचा नाही. जपानी वाडगा परंपरेने लाकडाचा, लाखेचा, हलका, हाताला चटका न देणारा. कोरियातली पारंपरिक भांडी धातूची, आणि चॉपस्टिक्सही धातूच्या, चपट्या. गरम भाताने भरलेला धातूचा वाडगा तळहातावर घेऊन बघितला, की हा फरक लगेच कळतो.

युरोपातही एके काळी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत आणि हाताशी येईल ते लोक घेत. याला फ्रेंच पद्धत म्हणत. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत रुळली. एका मागून एक पदार्थ, प्रत्येकाला वेगळा वाढून. पॅरिसमध्ये ती आणण्याचं श्रेय रशियन राजदूत अलेक्सांद्र कुराकिन याला देतात. पदार्थ क्रमाने येऊ लागले तशी कटलरीही क्रमाने मांडली गेली. बाहेरून आत या, एवढंच त्या रांगेचं गुपित आहे. सर्वांत बाहेरचं आधी उचलायचं.

पुरे झालं, हे कसं सांगायचं

रशियन पद्धतीत वाढणारा मागे उभा असतो. त्याच्याशी न बोलता खूण करायला कटलरी वापरतात. सुरी आणि काटा ताटात शेजारी शेजारी समांतर ठेवले की जेवण झालं. टोकं जवळ आणि मुठी लांब अशा तिरक्या ठेवल्या की अजून जेवतोय.

आखाती देशांत कॉफी बिनकानाच्या लहान पेल्यात थोडी थोडी ओतत राहतात. पेला रिकामा करून हातात धरलात, की पुन्हा भरला जाणार. पुरे असेल तेव्हा पेला मनगटातून हलकेच डावीकडे उजवीकडे हलवून परत द्यायचा. उझबेकिस्तान, कझाकस्तानकडे चहाचा पेला मुद्दाम अर्धाही भरत नाहीत. कमी चहा ओतला म्हणजे पाहुणा पुन्हा मागेल, यजमानाला पुन्हा ओतायची संधी मिळेल, तो आणखी थोडा वेळ बसेल. काठोकाठ भरलेला पेला हातात आला, तर निघायची वेळ झाली असं समजावं. नवख्या माणसाला नेमका उलटा अर्थ लागतो, आणि तो मनातल्या मनात यजमानाला कंजूष ठरवतो.

जिथे माफी नाही

चॉपस्टिक्स नीट धरता आल्या नाहीत तर कुणी मनावर घेत नाही. पण भातात त्या उभ्या खोचू नका. जपानमध्ये मृताला वाहिलेल्या भातात चॉपस्टिक्स अशा उभ्या खोचतात. चीनमध्ये ते मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. जपानमध्येच दुसरी एक गोष्ट कटाक्षाने टाळतात. एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास द्यायचा नाही. दहनानंतर नातेवाईक अस्थी वेचतात तेव्हा त्या चॉपस्टिक्सने एकमेकांकडे देतात. ज्याने आपल्या आईच्या अस्थी अशा उचलल्या आहेत, त्याच्यासमोर गंमत म्हणून माशाचा तुकडा तसा पुढे करणं किती लागेल, याचा विचार करा. असा तुकडा द्यायचाच असेल तर बशीत ठेवून बशी पुढे करावी.

दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर कोळी समाजाच्या प्रभावामुळे ताटातला अख्खा मासा उलटत नाहीत. मासा उलटला की नाव उलटेल, ही भीती. वरची बाजू संपली की मधला काटा उचलून काढायचा आणि खालची बाजू खायची. फ्रान्समध्ये पाव पालथा ठेवणं अशुभ. जल्लादासाठी बाजूला काढलेला पाव भटारी पालथा ठेवत, अशी त्यामागची आख्यायिका. या गोष्टी तर्काने तपासू नयेत. पाळायला काही कष्ट पडत नाहीत आणि न पाळल्याने समोरच्याचं मन दुखावतं.

हाताने की काट्याने

काही पदार्थांची रचनाच सांगते की ते कसे खायचे. जॉर्जियातली खिंकाली घ्या. पातळ लाटलेल्या पिठाच्या चकतीत मसालेदार मांस भरतात, कडेच्या चुण्या वर गोळा करून गाठ मारतात आणि पाण्यात उकळतात. शिजताना मांसाचा रस आतच साठतो. गाठीला बोटांनी धरून ती उलटी करायची, कडेला छोटासा चावा घ्यायचा, आधी रस ओढून घ्यायचा आणि मग बाकीची खायची. काटा टोचला की सगळा रस ताटात, आणि उरतो तो कोरडा गोळा. गाठ खात नाहीत, कारण तिथे पीठ जाड आणि अर्धवट शिजलेलं असतं. गाठी ताटातच ठेवतात आणि शेवटी त्यावरून कुणी किती खाल्ल्या ते मोजतात. शांघायच्या शियाओलाँगबाओ या मांस भरून वाफवलेल्या गोळ्यांमध्येही असाच गरम रस असतो, पण ते चमच्यात ठेवून खातात. तोंड भाजू नये म्हणून चमच्यातच छोटं भोक पाडून रस आधी प्यायचा.

निगिरी सुशी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर ठेवलेला माशाचा तुकडा, हाताने खाल्ली तर चालते, हे अनेकांना माहीत नसतं. सोया सॉसमध्ये भाताची बाजू बुडवू नये. भात सॉस शोषतो, खारट होतो आणि सुटतो. तुकडा तिरका करून माशाची बाजू टेकवायची. सोबा नूडल्स सुरसुर आवाज करत ओढणं जपानमध्ये सर्वमान्य आहे. सोबत हवा ओढली जाते, नूडल्स निवतात आणि त्यांचा वास नाकापर्यंत पोहोचतो. इटलीत स्पॅगेटी मात्र आवाज न करता, काट्यावर थोड्या गुंडाळून खातात. त्या कापत नाहीत, आणि मोठ्या माणसाने आधाराला चमचा घेणं तिथे नवशिकेपणाचं वाटतं. गंमत म्हणजे नेपल्सच्या रस्त्यांवर एके काळी लोक त्याच शेवया हाताने वर धरून तोंडात सोडत. एकोणिसाव्या शतकातली त्याची चित्रं आणि छायाचित्रं उपलब्ध आहेत.

पिझ्झ्यावरून तर राजकारण झालं. जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्कचे नवे महापौर बिल दे ब्लासिओ यांनी पिझ्झा काट्या-सुरीने खाल्ला आणि शहरभर टीका झाली. आपलं कूळ इटलीतलं आणि तिथे असाच खातात, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. नेपल्समध्ये टेबलावर बसून खाण्याचा पिझ्झा अख्खा, मध्यभागी ओलसर असतो, तो काट्या-सुरीने खातात. रस्त्यावर तोच चौघडी करून हातात देतात. न्यूयॉर्कचा तुकडा मोठा आणि दुमडून धरता येईल असा.

अनोळखी टेबलावर

काहीच माहीत नसेल तर आधी सुरू करू नका. कोरियात घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने चमचा उचलेपर्यंत थांबतात. इतरत्रही यजमानाच्या हाताकडे बघत अर्धा मिनिट थांबलेला पाहुणा कधी चुकत नाही. एखादा पदार्थ खायचा कसा हे सरळ विचारावं. आपल्या घरचं अन्न कसं खायचं हे शिकवायला बहुतेक लोकांना मनापासून आवडतं. जे खात नाही ते आधीच सांगावं, ताटात पडल्यावर बाजूला सारू नये.

आणि जुन्या माहितीवर फार विसंबू नये, कारण या रीती बदलत असतात. चीनमध्ये पाहुण्याने ताटात थोडं शिल्लक ठेवायचं, म्हणजे यजमानाने भरपूर वाढलं असा अर्थ होतो, असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. जपानमध्ये मात्र भाताचं शेवटचं शीतही संपवणं चांगलं मानतात. पण २०१३ पासून चीनमध्ये ताट स्वच्छ करण्याची मोहीम सुरू झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये अन्नाची नासाडी रोखणारा कायदाच मंजूर झाला. जास्त अन्न टाकणाऱ्या ग्राहकाकडून हॉटेलवाल्यांना त्या उष्ट्याची विल्हेवाट लावण्याचे पैसे घेण्याची मुभा त्यात आहे. मध्यभागच्या भांड्यातून आपल्याच चॉपस्टिक्सने घेण्याची सवयही साथींनी बदलली. २००३ च्या सार्सनंतर हाँगकाँगमध्ये आणि २०२० च्या कोविडनंतर चीनमध्ये वाढण्यासाठी चॉपस्टिक्सची वेगळी जोडी ठेवण्याचा आग्रह वाढला. त्यामुळे तिथे जेवायला बसलात तर मधल्या भांड्याशेजारी ती वेगळी जोडी आहे का ते आधी बघा, आणि असेल तर वाढून घेतल्यावर ती परत जागेवर ठेवा.